डिशमधली हळद आणि बाबांची गोळी

प्रश्न : माझ्या बाबांना (वय ६३) फुप्फुसाचा कर्करोग आहे. अ‍ॅडिनोकार्सिनोमा, हाडांपर्यंत गेलेला. ईजीएफआर या जनुकातल्या बदलाची तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणून चार महिन्यांपासून जेफिटिनिबची रोज एक गोळी चालू आहे. खोकला बराच कमी झालाय, जेवणही जातं. आता मावशीने वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलंय : हळदीतला घटक फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींचा फैलाव रोखतो. सोबत कॅप्सूलच्या दोन बाटल्या. हळदीचा अर्क आणि मिऱ्याचा अर्क. ‘घरातलीच वस्तू आहे, तोटा काय?’ असं सगळे म्हणतात. डॉक्टरांना विचारायला बाबा संकोचतात. सुरू करू का?
— एक मुलगी, बिबवेवाडी

उत्तर : ताई, सुरू करू नका. बाटल्या बंदच ठेवा आणि पुढच्या ओपीडीला जाताना पिशवीत घालून घेऊन जा. बाबा बोलणार नसतील तर तुम्ही त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मी डॉक्टर नाही. गणेशखिंडीतल्या एका प्रयोगशाळेत २६ वर्षं पेशी वाढवण्याचं काम केलं, त्यातली बरीच वर्षं फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर. त्यामुळे औषध किती आणि कधी, हे तुमचे डॉक्टरच सांगतील. पण कात्रणातल्या त्या वाक्याचा अर्थ काय, हे मी सांगू शकते. अशी वाक्यं ज्या प्रयोगांतून येतात, ते मी माझ्या हाताने केलेत.

वाक्य खोटं नाही, हे आधी सांगते. कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर टाकला की त्यांची हालचाल मंदावते. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. प्रश्न आहे तो किती टाकला याचा. डिशमध्ये आम्ही साधारण १० ते ४० मायक्रोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक) इतकं कर्क्युमिन टाकायचो. हा आकडा डोक्यात ठेवा. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन तोंडाने दिलं गेलं. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, तेव्हा ८ ग्रॅम म्हणजे पाव किलोहून थोडी जास्तच हळद झाली, आणि तीही रोज. एवढं देऊन रक्तात सर्वांत जास्त पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलरपर्यंत गेली, आणि काही तासांत उतरली. आतडं ते नीट शोषून घेत नाही, आणि जे थोडं आत जातं त्याला यकृत लगेच दुसरं काहीतरी जोडून बाहेरची वाट दाखवतं. डिशमधल्या पेशीला यकृत नसतं. तिच्या अंगावर टाकलेलं सगळं तिच्याच वाट्याला येतं.

कॅप्सूल बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. मिरं घातलंय ते म्हणूनच. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्याचा तिखट घटक, दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन काही काळ कितीतरी पट वाढतं. जाहिरातीत ‘२००० टक्के’ असं छापतात ते इथून आलंय. पण पिपेरिन ही वाढ घडवतं ते शरीराची औषधं बाहेर काढण्याची व्यवस्थाच मंदावून. त्या व्यवस्थेत सीवायपी-३ए-४ नावाचं एक विकर (एन्झाइम) यकृतात आणि आतड्यात असतं, आणि पिपेरिन त्याला अडवतं. बाबांची जेफिटिनिब मोडण्याचं मुख्य काम नेमकं याच विकराकडे आहे. म्हणजे कॅप्सूल कर्क्युमिनला वाट करून देताना बाबांच्या गोळीचीही पातळी हलवू शकते. किती हलेल, हे माणसागणिक वेगळं. गोळीची मात्रा ठरवताना हे कोणी धरलेलं नसतं.

आणि यकृत. जेफिटिनिबमुळे काही रुग्णांचे एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाल्याचं दाखवणारे रक्तातले आकडे, वाढतात, म्हणूनच तुम्हाला ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला सांगतात. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलनेही काही माणसांच्या यकृताला इजा होते. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या विकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली अशा १० रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या बऱ्याच जणांत एक विशिष्ट आनुवंशिक ठेवण सापडली. ती बाबांमध्ये आहे की नाही, हे बाटलीवर बघून कळत नाही.

आता जे सांगते ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या दादाला हाच आजार होता आणि औषधही याच जातीचं चालू होतं. मी पेशींचं काम करणारी. डिशमध्ये काय होतं ते डोळ्यांनी पाहिलेली. मंडईजवळच्या एका दुकानातून मीच त्याला कॅप्सूल आणून दिल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही. ते हसतील असं वाटलं, आणि थोडं असंही वाटलं की त्यांच्यापेक्षा मला यातलं जास्त कळतं. सहाव्या आठवड्यात वहिनीला त्याचे डोळे पिवळे दिसले. रिपोर्ट आले, गोळी थांबवावी लागली. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, ‘आणखी काही घेताय का?’ दादाने काही उत्तर न देता माझ्याकडे पाहिलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीच बोलले.

तीन आठवडे गोळी बंद होती. त्यानंतर कमी मात्रेवर पुन्हा सुरू झाली. यकृत कशाने बिघडलं, गोळीने की कॅप्सूलने, हे कधीच कळलं नाही. दोन्ही एकदम पोटात जात असल्यामुळे कळण्याची वाटही उरली नव्हती. त्या तीन आठवड्यांत दादा रात्री खोकत बसायचा आणि मी शेजारच्या खोलीत दिवस मोजायचे.

म्हणून तुम्हाला बाटल्या घेऊन जायला सांगतेय. मावशींवर रागावू नका. त्यांनी जीव लावून आणल्यात. त्यांना एवढंच सांगा की बाबांची गोळी चांगली लागू पडतेय, आणि तिच्या वाटेत काही येऊ नये असं डॉक्टर म्हणतात. आमटी-भाजीतली हळद मात्र चालू ठेवा. चिमूटभर हळदीचा आणि फोडणीतल्या मिऱ्याचा या अर्कांशी काही संबंध नाही, आणि बाबांना घरच्या चवीचं जेवण गेलंच पाहिजे.

प्रश्न : मी हडपसरला राहते, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बातम्यांत ‘पेशींचा फैलाव ४० टक्क्यांनी रोखला’ असं वाचते. काचेच्या डिशमध्ये फैलाव मोजतात तरी कसा? तिथे पसरायला शरीर कुठे असतं?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. तो मनात राहू दे, प्रयोगशाळेत गेलीस तर रोज उपयोगी पडेल.

सगळ्यांत साधी पद्धत म्हणजे ओरखडा. आमच्याकडे बहुतेक वेळा ए-५४९ नावाची सेल लाइन, म्हणजे एकाच नमुन्यातून पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, असायची. १९७२ साली अमेरिकेत ५८ वर्षांच्या एका माणसाच्या फुप्फुसातल्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या इनक्युबेटरांत वाढताहेत. आपल्याकडे अशा सेल लाइन सांभाळून त्या देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवण्याचं काम पुण्याचं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र करतं, विद्यापीठाच्या आवारात. पेशी डिशच्या तळावर एकमेकींना चिकटून पसरतात, फरशीवर फरशी बसवावी तशा. सगळा तळ भरला की पिपेटची पिवळी टिप घेऊन मधोमध एक सरळ रेघ ओढायची. रेघेवरच्या पेशी खरवडल्या जातात आणि मोकळी पट्टी तयार होते. फोटो काढायचा. एका डिशमध्ये घटक टाकायचा, दुसरीत नाही. २४ तासांनी पुन्हा फोटो. दोन्ही काठांवरच्या पेशी पट्टीत शिरलेल्या असतात. जिथे घटक टाकला तिथे पट्टी कमी बुजली असेल, तर ‘इतके टक्के रोखलं’ असं लिहितात. तुझे ४० टक्के बहुधा हे असतात : प्लॅस्टिकच्या तळावरची, मिलिमीटरभरही रुंद नसलेली पट्टी, एका दिवसात किती बुजली.

रेघ सरळ ओढायला मला सहा महिने लागले. पहिल्या डिशमधल्या माझ्या रेघा पौडच्या घाटासारख्या होत्या, आणि त्यावरून काही मोजणं शक्यच नव्हतं.

यात एक फसगत आहे. घटकाने पेशींचं चालणं मंदावलं की त्यांचं विभाजनच थांबवलं? पट्टी दोन्ही कारणांनी कमी बुजते. पेशी अर्धमेल्या झाल्या असतील तरीही कमीच बुजते. म्हणून चांगला प्रयोग करणारे आधी दाखवून देतात की एवढ्या मात्रेला पेशी जिवंत आणि ठणठणीत आहेत. शोधनिबंध वाचताना मी हा तक्ता आधी शोधते. तो नसेल तर पुढचं सावकाश वाचते.

दुसरी पद्धत मला जास्त आवडायची. तळाला बारीक छिद्रांचा पडदा असलेली छोटी वाटी घ्यायची. छिद्रं ८ मायक्रॉनची. म्हणजे पेशीला अंग चोरून, लांबट होऊन, पिळवटत पलीकडे जावं लागतं. पडद्यावर आधी प्रथिनांचा जेलीसारखा थर द्यायचा. तो कापल्याशिवाय छिद्रापर्यंत पोचता येत नाही. तो थर कापायला पेशी विकरं सोडतात. त्यांतली दोन, एमएमपी-२ आणि एमएमपी-९, आम्ही वेगळ्या प्रयोगात पाहायचो. जिलेटिन मिसळलेल्या जेलला निळा रंग द्यायचा. जिथे विकराने जिलेटिन खाल्लं असेल तिथे निळ्यावर पांढरा पट्टा उमटतो. घटक टाकलेल्या पेशींचा पट्टा फिका दिसला की दुपारच्या जेवणाला सगळे एकमेकांना सांगत सुटायचे.

शरीरातल्या फैलावाचे हे दोनच टप्पे झाले : शेजारणीचा हात सोडणं आणि कुंपण कापणं. हात सोडणं म्हणजे ई-कॅडहेरिन. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं हे प्रथिन कमी झालं की गोलसर पेशी लांबट होते आणि भटकू लागते. कितीतरी वनस्पतीजन्य घटक, हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीमधलं ईजीसीजी, कांद्यातलं क्वेर्सेटिन, ब्रोकोलीतलं सल्फोराफेन, डिशमध्ये ई-कॅडहेरिन वाढवतात आणि एमएमपी कमी करतात. पुढे मात्र पेशीला रक्तात उतरायचं असतं, तिथे टिकायचं असतं, दुसऱ्या अवयवात रुजायचं असतं. उंदरांवरच्या १९७० च्या एका प्रसिद्ध प्रयोगात रक्तात सोडलेल्या हजार पेशींमागे २४ तासांनी एकही धड जिवंत उरत नव्हती. आणि उरली तरी वाटेल तिथे रुजत नाही. स्टीफन पेजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ साली लिहून ठेवलंय की बी सगळीकडे उधळलं जातं, पण उगवतं ते मानवेल अशा मातीतच. फुप्फुसातलं बी मेंदू, हाडं, यकृत आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी इथे जास्त उगवतं. डिशमध्ये ही माती नसते.

आणि ज्या गोष्टीचा मला सर्वांत उशिरा उलगडा झाला ती : रोग सापडतो तेव्हा बऱ्याच रुग्णांत पेशी आधीच निघून दुसरीकडे बसलेल्या असतात. मग त्यांचं चालणं थांबवून काय मिळणार? १९९० च्या दशकात एमएमपी अडवणारी औषधं प्रयोगशाळेत बनवली गेली. नैसर्गिक घटकांपेक्षा कितीतरी नेमकी. मारिमास्टॅट आणि प्रिनोमास्टॅट. उंदरांत छान चालली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासली तेव्हा आयुष्य वाढलं नाही, आणि सांधे मात्र दुखू लागले. पांढरा पट्टा फिका होण्याचा आनंद मी त्यानंतर जपून घेऊ लागले.

कर्क्युमिनबद्दल एक खास गोष्ट, तुला पुढे उपयोगी पडेल. ते डिशमध्येही टिकत नाही. सीरम (रक्तातला द्रव भाग) नसलेल्या, शरीराइतक्याच आम्लतेच्या द्रावणात ३७ अंशांवर ठेवलं तर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडून जातं. शिवाय ते स्वतः पिवळं, स्वतः चमकणारं. रंग आणि प्रकाश मोजून निष्कर्ष काढणाऱ्या चाचण्यांना ते सहज चकवतं. माझ्या पांढऱ्या एप्रनवर त्याचे डाग होते. घरी साबण लावला की लाल व्हायचे, लग्नातल्या हळदीच्या साडीवर होतात तसे.

प्रश्न : तुमच्या मागच्या उत्तरांवरून वाटतं की तुम्हाला वनस्पतींचं वावडं आहे. आपल्या पूर्वजांचं ज्ञान निरुपयोगी का? 
— निवृत्त शिक्षक, कर्वेनगर

उत्तर : सर, वावडं असतं तर मी निम्मं आयुष्य त्यांच्या अर्कांसोबत घालवलं नसतं. फुप्फुसाच्या कर्करोगावर आज ओपीडीत दिली जाणारी निदान चार औषधं वनस्पतींतून आलेली आहेत. दारातल्या सदाफुलीच्या अल्कलॉइडांपासून व्हिनोरेलबिन. हिमालयातही ज्याची एक जात उगवते त्या पोडोफायलमच्या द्रव्यापासून इटोपोसाइड. यू वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल. आणि चौथं टोपोटेकॅन, ज्याची गोष्ट मला फार जवळची वाटते.

आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना घाण वास येतो, नाव त्यावरूनच पडलं असावं. एका चिनी झाडातून १९६६ साली कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं होतं. गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवलं की ते नरक्यातही आहे. १९६६ चं ते मूळ काम अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी केलं, आणि १९७१ साली त्याच दोघांनी पॅक्लिटॅक्सेलची रचनाही उलगडली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५. आपल्या शाळांत त्यांचं नाव कुणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. सर, तुम्ही शिक्षक होता, म्हणून तुम्हाला सांगतेय.

पण बघा, कॅम्प्टोथेसिन सुरुवातीला माणसांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. काम थांबलं. रेणूत बदल केले, तो पाण्यात विरघळेल असा बनवला, मात्रा शरीराच्या पृष्ठफळावरून मिलिग्रॅममध्ये ठरवली. टोपोटेकॅनला अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली १९९६ साली, म्हणजे तीस वर्षांनी. नरक्याची साल उकळून पिणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, विष तेवढं मिळतं. आणि औषधी म्हणून चोरट्या तोडीत त्याची झाडं घाटमाथ्यावरून कमी होत गेली ती वेगळीच हानी.

प्रश्न : तीस वर्षं बिडी ओढली, दोन वर्षांपूर्वी सोडली. मुलगा म्हणतो अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या, फुप्फुसं साफ होतात. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजरातलंच ना? 
— एक वाचक, भोसरी

उत्तर : काका, बिडी सोडलीत ते सर्वांत मोठं काम तुम्ही केलंत. कर्करोगाचं निदान झाल्यावर सोडणाऱ्यांनाही फायदा होतो. रशियातल्या २०२१ च्या अभ्यासात फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या ५१७ धूम्रपान करणाऱ्यांचा मागोवा घेतला. ज्यांनी निदानानंतर सोडलं ते सरासरी ६.६ वर्षं जगले, न सोडणारे ४.८ वर्षं. इतका फरक पाडणारी हळदीची कॅप्सूल मला माहीत नाही.

गोळी मात्र नको, आणि बीटा-कॅरोटीनची तर अजिबात नको. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीनने कर्करोग कमी होईल अशी सगळ्यांना आशा होती. १९९४ साली निकाल आला : ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत तो २८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि १९९६ साली ती मध्येच थांबवावी लागली. त्या चाचणीत पूर्वी धूम्रपान करून सोडलेलेही होते, तुमच्यासारखे. पुढे उंदरांवरच्या कामातून याचं एक कारण पुढे आलं. ऑक्सिडेशनचा ताण कर्करोगाच्या पेशीलाही जाचतो, आणि तो गोळीने कमी केला की तिचं फावतं. २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की हा ताण कमी झाला की उंदरांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा फैलाव वाढतो. ज्या गोष्टीने थांबावा असं वाटत होतं, तिनेच.

गाजर खा. हिवाळ्यात मंडईत तांबडी गाजरं येतात, त्यांची कोशिंबीर करा. गाजराने कुणाचं वाईट झालेलं नाही.

प्रश्न : तळजाईवर सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा सुचवलाय. केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी म्हणे. पतीचे केमोचे दोन डोस झालेत.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : तो आकडा डिशमधल्या एका सेल लाइनचा आहे, माणसाचा नाही. लक्ष्मणफळात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूतल्या चेतापेशींना घातक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ही फळं आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त आढळला. काढा देऊ नका. आणि तो आधीच सुरू केला असेल, तर किती दिवस, किती वेळा, हे एका कागदावर लिहून तिसऱ्या डोसच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या. यजमानांसमोर बोलणं अवघड वाटलं तर तपासणीनंतर दोन मिनिटं मागे थांबा.